आबांची माती आणि माझी वांगी

माझ्या सासऱ्यांची आयुष्यभराची पुण्याई मी वांग्याच्या कुंड्यांत भरली. मुद्दाम नाही. पण मुद्दाम भरली असती तरी इतकी व्यवस्थित भरली गेली नसती!

माझे सासरे, म्हणजे आबा, नाशिकच्या एका हायस्कुलात कुस्ती शिकवायचे. कागदोपत्री क्रीडाशिक्षक, पण त्यांना 'सर' फक्त पालक म्हणत. पोरं म्हणत 'वस्ताद'. त्यांच्या हाताखालची पोरं पोलिसांत गेली, सैन्यात गेली, रेल्वेत गेली, आणि जिथे गेली तिथे समोरच्याला पाडून आली. आमच्या घरी कधीही दार वाजलं की बाहेर मोडलेल्या कानांचा एखादा धिप्पाड गडी उभा असायचा. तो आधी आबांच्या पाया पडायचा, मग सासूबाईंच्या. मग मी जावई आहे हे कळल्यावर मला खालपासून वरपर्यंत बघायचा आणि नुसताच हसायचा. (खालपासून वरपर्यंत बघायला त्याला फार वेळ लागत नसे.)

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही सासऱ्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायला आलो, कारण माझी नोकरी नाशिकच्याच अंबड भागात, एका कारखान्यात. घरजावई म्हणू नका. आबांनी कधी म्हटलं नाही. ते मला 'जावईबापू' म्हणत आणि माझ्याशी इतक्या आदराने वागत की मला रोज थोडं शरमल्यासारखं व्हायचं. पुढे जे झालं त्यानंतर तर विचारूच नका.

तर झालं असं. आबांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेत कुस्तीसाठी मॅट आली. मॅट आल्यावर जुन्या मातीच्या आखाड्याचं काय करायचं? शाळेने तिथे शिक्षकांच्या स्कूटरसाठी शेड बांधली.  आबांनी एका टेम्पोत आखाड्याची माती भरून घरी आणली आणि पोती जिन्याखाली रचून ठेवली. त्या मातीत कितीतरी वर्षांचं तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर मुरलेलं होतं, आणि पोरांचा घाम. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पुन्हा आखाडा बांधायचा आणि त्यात हीच माती घालायची, असं आबांच्या जुन्या पोरांनी ठरवलं होतं.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण माती आली तेव्हा कंपनीने मला ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं होतं. परत आलो तर जिन्याखाली पोती! एका पोत्याचं तोंड उघडून बघितलं. मऊ, तांबूस, भुसभुशीत माती. वास घेतला. हळद, ताक! मी हरखलो. त्या दिवसांत मला गच्चीवर भाजी लावण्याचं वेड लागलं होतं आणि मोबाईलवर रोज एक बाई सांगायच्या, "मातीत ताक घाला, हळद घाला." इथे तर सगळं आयतंच घातलेलं!

तरी मी न विचारता हात लावला नाही, हे नोंदवून ठेवा. सासूबाई टीव्ही बघत होत्या. मी दारातून विचारलं, "आई, जिन्याखालचं ते पडलंय ते मी घेऊ का?"

"घ्या की!" त्या टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "नुसती अडगळ झालीय."

रविवारी आबा पोरांना घेऊन स्पर्धेला गेले होते, सासूबाई आणि माझी बायको वैशाली बाजारात. मी पोती वर नेली, माती कुंड्यांत भरली, त्यात नारळाचा भुसा मिसळला, गांडूळखत मिसळलं, आणि वांगी लावली. रिकामी पोती झटकून, घडी घालून माळ्यावर ठेवली. आणि जिन्याखाली मोकळी जागा वाईट दिसते म्हणून तिथे जुने खोके रचून वर चादर टाकली! एवढा नीटनेटकेपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही कामात दाखवलेला नाही.

आणि काय वांगी आली म्हणता! वांगी नव्हती ती, पैलवान होते. एकेका झाडाला दोन दोन काठ्यांचा आधार द्यावा लागला. वैशालीने पहिल्या वांग्याचं भरीत केलं. आबांनी दोनदा मागून घेतलं.

"जावईबापू, चव लय भारी हाय हो," आबा बोटं चाटत म्हणाले. "भाजी म्हणजे शेवटी माती. माती कसदार पाहिजे!"

मी लाजून म्हणालो, "सगळी तुमचीच कृपा."

निवृत्तीचा समारंभ शनिवारी संध्याकाळी होता. गुरुवारी जेवताना आबा सहज म्हणाले, "परवा सकाळी पोरं येतील माती न्यायला."

"कुठली माती?" मी विचारलं.

"आपल्या आखाड्याची. जिन्याखाली नाही का ठेवलेली? तेवढी एकदा त्या नव्या आखाड्याच्या हौद्यात पडली की मी सुटलो."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.  वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण ताटात वांग्याचीच भाजी होती.

वर गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही काय केलंत हे?"

"मी आईंना विचारलं होतं!"

"आत्ताच्या आत्ता खाली जा आणि आबांना सांगा."

मी जिना उतरलो. आबा खुर्चीत बसून समारंभात घालायचा फेटा बांधून बघत होते. तीस तीस किलोच्या पोरांना राज्याच्या मैदानात नेणारा तो माणूस आरशात बघून लहान मुलासारखा हसत होता. मला म्हणाले, "बघा बरं, वाकडा दिसत नाही ना?"

"छान दिसतोय," मी म्हणालो आणि जिना चढलो. इतका भित्रा जावई त्या घराला मिळायला नको होता, पण मिळाला होता.

कुंड्यांतली माती उपसून पोत्यात भरायची म्हणावं, तर तिच्यात भुसा आणि खत मिसळलेलं, आणि रिकाम्या कुंड्या आबांना लगेच दिसल्या असत्या. म्हणून शुक्रवारी मी कंपनीत रजा टाकली आणि आबा शाळेत गेल्यावर गंगापूर रोडच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. लाल माती मागितली.

"साहेब, एक नंबर माल हाय," नर्सरीवाला म्हणाला. "रेडी मिक्स. यात तुम्हाला वरून काय बी टाकायची गरज नाय."

मिक्स म्हणजे कशाचं मिक्स, हे विचारायचं सुचलं नाही. मी माती आणली, मूळ पोत्यांत भरली, वरून हळद टाकली, तेल टाकलं, कापूर टाकला. ताक घरातलंच ओतलं.

"कढीचं ताक कुठं गेलं?" सासूबाईंचा खालून आवाज.

"मी प्यायलो!"

"अख्खं पातेलं?"

"उष्णता झालीय, आई!" (दुपारी त्यांनी मला सब्जाचं पाणी पाजलं. तेही निमूट प्यायलो.)

शनिवारी सकाळी दत्तू आला. दत्तू देवळ्याकडचा, आबांचा लाडका पठ्ठ्या, आता फौजदार. त्याने प्रत्येक पोत्याला आधी नमस्कार केला आणि मग ते उचललं. शेवटचं पोतं नेताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही एवढं सांभाळून ठेवलं. आमच्यासाठी ही माय हाय." मी खाली वाकलो. थोडा त्याच्या हाताच्या वजनाने, बाकीचा माझ्या कर्माने.

पोती दिवसभर मैदानावर उन्हात राहिली.

संध्याकाळी मैदान भरलं. पुढच्या दोन रांगांत नुसते मोडलेले कान. आबांची पोरं बायकामुलांना घेऊन लांबलांबून आली होती. एकाने सांगितलं, वस्तादांनी मला घरी ठेवून जेवू घातलं. एक मुलगी, आता स्वतः कोच झालेली, म्हणाली, "माझ्या वडलांना सरांनी एवढंच विचारलं होतं, पोरगी घाबरत नाय, तुम्ही का घाबरता?" लोक डोळे पुसत होते. मीही पुसत होतो, पण माझं कारण वेगळं होतं.

मग आबा उठले. माईक हातात घेऊन म्हणाले, "मला भाषण येत नाय. मी रिटायर होतोय. पण माती काय रिटायर होत नाय. तेवढीच माझी इस्टेट, ती शाळेला देतो."

टाळ्या! मी खुर्चीत इतका खाली घसरलो की वैशालीने मला काखेत धरून वर ओढलं.

दत्तूने पोत्याचं तोंड सोडलं आणि माती हौद्यात ओतली.

आधी पहिली रांग मागे सरकली. मग दुसरी. मुख्याध्यापिकाबाईंनी पदर नाकाला लावला आणि शिपायाला हळूच विचारलं, "गटार फुटलं का रे?" पाहुणे खोकू लागले. ताक आणि ऊन यांनी त्या रेडी मिक्सचं आतलं जे काही होतं ते जागं केलं होतं! मला वाटलं, आता कोणीतरी ओरडणार. पण पहिल्या रांगेतला एक प्रचंड गडी उठला, त्याने छाती भरून श्वास घेतला आणि हुंदका देऊन म्हणाला, "हाच वास! आपल्या घामाचा वास हाय ह्यो!"

झालं. सगळे पैलवान रडत रडत पुढे आले. प्रत्येकाने वाकून चिमूट घेतली आणि कपाळाला लावली. कोणी अंगाला चोळली. पाहुण्यांनाही लावावी लागली. मला वाटत होतं धरणी दुभंगावी, पण दुभंगली असती तरी मी त्या मातीत पडलो नसतो.

दत्तू माती लावून वळला. त्याच्या कपाळाच्या मधोमध एक पांढरं पीस उभं होतं.

लोक बघायला लागले. दुसऱ्याच्या भुवईवर आणखी एक. त्या कोच मुलीने मातीतून अंड्याचं टरफल उचललं आणि म्हणाली, "सर, आपल्या आखाड्यात कोंबड्या कधी होत्या?"

आबा वाकले. मूठभर माती घेतली, बघितली, सोडली. मग मान वर करून सगळ्या गर्दीतून बरोबर माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे. कदाचित अख्ख्या मैदानात माझं एकट्याचंच कपाळ कोरं होतं म्हणून.

"जावईबापू, जरा इकडं या."

मी गेलो. आबांनी अगदी हळू विचारलं, "आपली माती कुठंय?"

मीही अगदी हळू सांगितलं, "आबा... वांग्यांना घातली."

भाषणासाठी दिलेला माईक आबांच्या हातात तसाच चालू, नेमका माझ्या तोंडापाशी होता. "वांग्यांना घातली" हे शब्द मैदानभर घुमले, शाळेच्या भिंतीवर आपटून परत आले आणि माझ्या तोंडावर बसले.  तेवढ्यात मागच्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "अगं बाई! मला वाटलं, जुना कूलर मागताहेत!"

कोणी हसलं नाही. आबा मटकन खुर्चीत बसले. फेटा हातात घेतला, मांडीवर ठेवला. माझ्या जन्मात मी कोणाला पाठीवर पाडलेलं नाही, आणि ज्यांना कधी कोणी पाडू शकलं नाही त्यांना मी पाडलं होतं. भर मैदानात, त्यांच्याच पोरांसमोर. मी त्यांच्या पायाशी बसलो. "आबा, चुकलो," एवढंच तोंडातून निघालं. तेही माईकने सगळ्यांना ऐकवलं.

मग आबा म्हणाले, "म्हणजे ते भरीत..."

"हो, आबा."

"दोनदा मागून खाल्लं मी."

"हो."

आबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडताहेत. मग कळलं, हसताहेत! दत्तू कपाळावरचं पीस उडवत म्हणाला, "वस्ताद, आम्ही जन्मभर मातीत लोळलो अन् खाल्ली तुम्ही एकट्यानं?" आणि मग जे मैदान हसायला लागलं, ते थांबेच ना. फक्त मी आणि मुख्याध्यापिकाबाई हसत नव्हतो. बाईंनी अजून पदर सोडला नव्हता.

आबा उठले. फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. "चला रे. कुंड्या आणा."

शाळेपासून आमच्या घरापर्यंतच्या रस्त्याने त्या दिवशी जे पाहिलं ते कोणी विसरणार नाही. एकामागोमाग एक पैलवान, प्रत्येकाच्या खांद्यावर एक कुंडी आणि कुंडीत डोलणारं वांग्याचं झाड! मागून मी चाळणी घेऊन. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय हो, लग्नाची वरात का?" दत्तू म्हणाला, "नाय मावशी, दाजींची."

कोंबडीखताची माती हौद्यातून काढून शाळेच्या बागेत टाकली. कुंड्या फोडल्या, मुळं काढली, माती चाळली. ती चाळायचं काम अर्थातच माझं. माती थोडी कमी भरली खरी, त्यात नारळाचा भुसाही राहिला. पण आबांनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "चालंल." मग शाळेतल्या दोन मुलींची पहिली कुस्ती लागली आणि मी एकदाची चाळणी खाली ठेवली.

माफी मिळाली का? मिळाली. पण आखाड्याच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा वर आले, दार वाजवलं, माझ्या हातात फावडं दिलं. "आखाडा रोज खणावा लागतो, जावईबापू. चला." तेव्हापासून रोज खणतोय. आणि खणून झाल्यावर आबा म्हणतात, "आता आलाच आहात तर दोन डाव शिकून घ्या." अशा रीतीने एवढ्या मोठ्या वस्तादांना निवृत्तीनंतर एक नवा पठ्ठ्या मिळाला. त्यांच्या आजवरच्या कीर्तीचं काय होणार, या काळजीने मला झोप लागत नाही.

मागच्या महिन्यात मखमलाबादच्या पुढे एका गावच्या जत्रेत आबांनी माझं नाव दिलं. आणि मी जिंकलो! पंचांनी माझा हात वर केला, हलगी वाजली, वैशालीने फोटो काढला. समोरचा गडी मैदानात आलाच नाही एवढंच. त्याच्या लग्नाची बोलणी चालू होती म्हणे, आणि त्याच्या वडलांना भीती वाटली की पोराने माझ्यासारख्याशी कुस्ती धरली हे कळलं, तर मुलीकडचे नकार कळवतील.