पोटाखालून धुतलेली गाडी

पौर्णिमाला एका जागी बसवत नाही. पंगतीत बसली तर दोन घास खाऊन वाढायला उठते. बसला उशीर झाला तर पुढच्या फाट्यापर्यंत चालत सुटते. शिवणकामाचा क्लास तिनं आठ दिवसांत सोडला, आणि मग सेकंडहँड पेट्रोल पिकअप घेऊन आली. सासरे रूपराव तेव्हा म्हणाले होते, "बरं झालं. आता गाडी फिरन, हिले फिरा नाई लागनार."

पण गाडीनंही तिला बसू दिलं नाही. पहिल्याच वर्षी चढावर धक्के द्यायला लागली. मेकॅनिकनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, धक्के तसेच. शेवटी हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं सीट उचलून तिला इंजिनावर ओळीनं बसवलेल्या चार काळ्या कॉइल दाखवल्या. बॅटरीचा करंट बारा व्होल्टचा, तेवढ्यानं प्लगला ठिणगी पडत नाही. कॉइल त्याचे हजारो व्होल्ट करते. चारातली एक रुसली की एक सिलिंडर गप्प, आणि गाडी लंगडी.

तेव्हापासून दर महिन्याला पौर्णिमा सीट उचलते. कॉइल सरळ वर ओढून काढते, खालचं लांब रबर बोटांनी वाकवून तडा शोधते, आतली स्प्रिंग गंजली का बघते, रबराच्या तोंडाशी नखभर पांढरं ग्रीस लावते. वायरचा सॉकेट 'टक' वाजेपर्यंत दाबते. 'टक' नाही वाजलं तर तिला जेवण जात नाही. एक जादा कॉइल आणि दहाचा पाना टूलबॉक्समध्ये कायम.

जुलैतल्या त्या सकाळी गाडीत मागं मासोळीचं बी होतं. पंचफुलाबाईंच्या महिला गटानं गिरडच्या अलीकडचा गावतलाव मासे पाळायला पहिल्यांदाच ठेक्यानं घेतला होता. नागपूरकडच्या मत्स्यबीज केंद्रातून पिल्लं घातलेल्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या आणायच्या आणि ऊन तापायच्या आत पाण्यात सोडायच्या. केंद्रातली ही हंगामाची शेवटची खेप होती. हे बी मेलं तर वर्षभर तलावात नुसतं पाणी बघत बसायचं.

जाम गावात शिरता शिरता गाडी हादरली. मग पुन्हा. समोर पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. तो नुसता लागून राहिला तर सवडीनं बघावं, उघडझाप करत असला तर लगेच थांबावं, हे पौर्णिमाला पाठ होतं. तिनं जामच्या चौकात एका पंक्चरच्या दुकानासमोर, कडुनिंबाखाली गाडी घातली.

"काऊन थांबली वं?" शेजारी बसलेल्या पंचफुलाबाईंनी विचारलं.

"मिस मारून राह्यली, मावशी. उतरा."

सीट उचलली आणि पौर्णिमा बघतच राहिली. इंजिन लग्नातल्या पातेल्यासारखं चकाकत होतं. टूलबॉक्सची जागा रिकामी. तिनं घरी फोन लावला.

"मामाजी, गाडी धुतली का?"

"धुतली ना!" रूपरावांचा आवाज खुशीत होता. "तुमची पयली खेप. बैल जुपाच्या आधी आम्ही धूतच होतो. राती फवारनी पंपानं धुतली, पोटाखालूनबी. लय मळ होता."

"अन् टूलबॉक्स?"

"तो ओट्यावर वाळू घातला."

जादा कॉइलही त्यातच होती. "बरं जी," म्हणून पौर्णिमानं फोन ठेवला.

पंक्चरवाला चिंधू हात पुसत आला. त्यानं इंजिनाकडं न बघताच निदान केलं. "पेट्रोलात कचरा हाय. टाकी खोला लागते."

"टाकी नोको खोलू. दहाचा पाना दे."

"तुमाले येते का पन?"

"तू देजो तर खरं! मंग पाहय."

"काय भरलं मांगं?"

"जिरे," पंचफुलाबाई म्हणाल्या. माशांच्या बारीक पिल्लांना गटातल्या बाया हेच म्हणायच्या.

चिंधू हसला. "मंग कायची घाई, बाई? जिरे का सडते का?"

"फोडनीचे नाई रे बाबा, मासोळीचे! जित्ते हायेत!"

चिंधूनं मागं जाऊन पिशव्यांवरचं गोणपाट उचललं. फुगलेल्या पिशवीत तळहाताएवढ्या ढगासारखं काहीतरी हलत होतं. तो आत गेला आणि बादलीभर गार पाणी आणून गोणपाटांवर ओतू लागला.

पौर्णिमानं इंजिन चालू ठेवून पहिल्या कॉइलचा सॉकेट काढला. इंजिन आणखी धडधडलं, म्हणजे पहिली कामाची. लावला. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही. आजारी ती हीच.

इंजिन बंद करून तिनं तिसरी कॉइल ओढली. खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. फडक्याची वात करून टिपलं, चिंधूच्या हवेच्या नळीनं फुंकलं. मग तिसरी कॉइल दुसऱ्याच्या जागी आणि दुसरी तिसऱ्याच्या जागी लावली. दोष जागेवर राहिला तर प्लगचा किंवा वायरचा, कॉइलबरोबर सरकला तर कॉइलचा. दोष सरकला. तिनं कॉइल उन्हात धरली. रबरावर केसाएवढी काळी रेघ होती. ओलीतून ठिणगी बाहेर पळाली होती आणि रबर जाळून गेली होती.

"हिंगनघाटून नवी मागवतो," चिंधू म्हणाला. "भाऊ मोटरसायकलीनं आनन. दोन तास."

पौर्णिमा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. दुसरी मारली. पिशव्यांवर हात ठेवला. पाणी ओतूनही प्लास्टिक कोमट लागत होतं.

"दोन तास नाई राह्यत हे."

आजारी कॉइल आता दुसऱ्या सिलिंडरवर होती. तिनं त्यात पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचाही सॉकेट काढला. ठिणगी नाही तिथं पेट्रोल कशाला? न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन आग व्हायची. आता ते सिलिंडर पूर्ण झोपलं.

"तीन पायावर जातं का तू?" चिंधू म्हणाला.

"वजन कमी करा लागन." पिशव्यांबरोबर आणलेली माशांच्या खाद्याची पोती तिनं चिंधूच्या दुकानात उतरवली. मग पंचफुलाबाईंकडं बघितलं.

"मलेबी उतरवतं का, भवाने? या पोत्याईत?"

"नाई मावशी. पन चढ आला की चाला लागन."

आणि चालल्या त्या. प्रत्येक चढाला पंचफुलाबाई उतरून, पदर खोचून, शिव्या घालत मागून येत होत्या. पौर्णिमा खालच्या गिअरमध्ये, पाय न हलवता, एकाच आवाजावर कान ठेवून गाडी वर काढत होती. इंजिन थरथरत होतं, आणि त्याच्याबरोबर तिचे दातही.

तलावावर पोचल्या तेव्हा साडेबारा झाले होते. बाया पाण्यात उतरून वाट बघत होत्या. पौर्णिमानं उडी मारून पहिली पिशवी उचलली, गाठ सोडायला बोटं लावली.

"थांब!" पंचफुलाबाई धापा टाकत ओरडल्या. "पिशवी पान्यावर राहू दे. दोनी पानी सारखे गरम झाल्याबिगर खोलशीन तर झटक्यानं मरन."

"किती येळ?"

"अर्धा घंटा."

आयुष्यात पहिल्यांदा पौर्णिमाला अर्धा तास काहीच करायचं नव्हतं. साडी गुडघ्यापर्यंत भिजवून ती पाण्यात उभी राहिली. पिशव्या डोलत होत्या. दोन पिशव्यांत तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर बसला होता. बाकीच्या पिशव्यांत काही हलतंय का, की पाणीच हलतंय, ते उन्हामुळं कळत नव्हतं. ती चिखलात टाच रुतवत, काढत राहिली.

शेवटी पंचफुलाबाईंनी मान हलवली. पौर्णिमानं गाठ सोडली, पिशवीचं तोंड पाण्याखाली धरलं. क्षणभर काहीच नाही. मग तो राखाडी ढग तोंडाशी आला, फुटला, आणि तिच्या पोटऱ्यांना शेकडो बारीक टोचण्या लागल्या.

"जित्ते हायेत!" ती ओरडली आणि दुसऱ्या पिशवीकडं धावली.

"धाऊ नोको वं, तुडवशीन त्याईले!"

पौर्णिमा एका पायावर थांबली.