घरचं पाणी

मुळशी धरणाच्या काठी मेंढरं चारणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला, तेही माझ्यावर ओरडत.

साठ-एकसष्ट सालचा वैशाख असेल. आजारी आईला मी मामांच्या मोटारीतून पुण्याला दवाखान्यात नेत होतो. मोटारीच्या खिडकीला पत्र्याचा कूलर टांगलेला होता. त्यातला सुगंधी मुळांचा वाळा ओला ठेवला की धावत्या गाडीत गार वारा यायचा. पण वाळ्यात धुरळा बसून वारा बंद झाला आणि आईचा जीव कासावीस होऊ लागला. मी गाडी थांबवली, वाळा काढला आणि पाण्याकडे धावलो.

"हितं धुऊ नगा!" म्हातारा ओरडला. पाण्याकडे बोट करून म्हणाला, "तितं आमची चूल हाय."

मी चिडलोच. समोर नुसतं पाणी पसरलं होतं. त्याचं गाव धरणात बुडालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वाद न घालता त्याने वाळा माझ्या हातातून घेतला, काठाकाठाने चालत गेला आणि समोरच्या डोंगराचा अंदाज घेऊन थांबला.

"हितं गोठा हाय. हितं चालतंय."

बैल धुवावा तसा तो वाळा चोळत राहिला, गढूळ पाणी निवळेपर्यंत.

कूलरमध्ये घालायला मी गाडीतल्या डब्यात तिथलंच पाणी भरू लागलो, तर त्याने डबा काढून घेतला. तो पहिल्या जागी परत गेला, वहाणा काठावर काढल्या आणि कमरेभर पाण्यात शिरला.

भरलेला डबा माझ्या हाती देताना त्याने गाडीतल्या आईकडे पाहिलं.

"आजारी माणूस हाय," तो म्हणाला. "घरचं पाणी न्या."