गॅसच्या पंपावर नवरी उतरली

पुतण्याच्या लग्नात माझी गाडी नवरदेवाची गाडी झाली, ती केवळ रंगामुळे. गाडी पांढरी आहे. बाकी तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही. वर्धेत साध्या नोकरीत असलेल्या माणसाकडे असते तशीच ती आहे: दुसऱ्याने वापरून सोडलेली, डिकीत गॅसची टाकी बसवलेली. टाकीमुळे डिकीत एक पिशवी मावते, तीही आडवी. माझा मोठा भाऊ, म्हणजे नवरदेवाचा बाप, समुद्रपूरजवळ भाजीपाला पिकवतो. मी गाडी घेतली तेव्हा त्याने मोठ्या आशेने डिकी उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "अन् वांग्याचं पोतं? ते का मांडीवर घेशीन?" तेव्हापासून तो माझ्या गाडीला गाडी म्हणतच नाही. "टाकी घेऊन आला का?" असं विचारतो.

गॅसकडे मी वळलो तो काटकसर म्हणून, आणि काटकसरीत मला कुठे थांबावं हे कधीच कळलेलं नाही. मेकॅनिकने बजावलं होतं, "साहेब, पेट्रोलच्या टाकीत थोडं पेट्रोल ठेवत जा. कोरडी ठेवली तर आतली मोटर जळते." मी मान डोलावली. मोटर जळली. नवी बसवायची तर खर्च, म्हणून मेकॅनिकने काहीतरी जोडाजोड करून गाडी थेट गॅसवरच सुरू होईल असं करून दिलं. थोडक्यात, गॅस आहे तोवर माझ्याकडे गाडी असते. गॅस संपला की भाऊ म्हणतो तेच खरं, नुसती टाकी उरते.

लग्न अल्लीपूरला होतं, मुलीकडे. मे महिना. सकाळी वर्धेत गॅस भरला, समुद्रपूरकडे जाऊन नवरदेवाला घेतलं आणि अल्लीपूरला मांडवासमोर गाडी उभी केली. तेवढ्यात पुतण्याचे दोस्त आले. "काका, गाडीवरची फुलं सुकून राह्यली. जरा एसी लावतो." फुलं बाहेर बॉनेटवर, एसी आत, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही. मी किल्ली दिली. मंगलाष्टकं झाली, जेवणं झाली, आणि ती पोरं आळीपाळीने माझ्या गाडीत गार हवेत झोपा काढत होती.

पाठवणीच्या वेळी नवरीची आई गाडीच्या काचेला डोकं टेकून रडत होती. मी किल्ली फिरवली. गॅसच्या चार हिरव्या दिव्यांपैकी एकच लागला, तोही मन नसल्यासारखा. अशा वेळी 'गॅस नाही' असं कोणाला म्हणता येतं का? मी चेहरा गंभीर केला. लोकांना वाटलं, काका हळवे आहेत.

पुढे माझ्याशेजारी माझी मोठी बहीण बसली होती. तिला आम्ही ताई म्हणतो. नवरदेवाची ती आत्या. गॅसची टाकी मागे आहे म्हणून ती नेहमी पुढे बसते. टाकी फुटलीच तर ती तेवढी वाचणार, असा तिचा अंदाज आहे. मागे नवरा-नवरी आणि माझी बायको. वऱ्हाडाची बस आधीच निघून गेली होती. निघताना ताईने मागे वळून नवरीला सांगितलं, "हे पाह्य बाई, इथून पाय उचलला तो आता घरच्या उंबऱ्यावरच टेकवजो. मधात कुठंच नाई."

नवरीने मान हलवली. मुलगी शांत होती. रडून झालं होतं आणि बोलायला अजून ओळख झाली नव्हती.

हिंगणघाट ओलांडलं आणि मी हळूच एसी बंद केला.

"एसी काऊन बंद केला रे?" ताई.

"नवरीले सर्दी होईन."

"मे महिन्यात?"

मग मला सांगावं लागलं. जामच्या अलीकडे एक गॅसचा पंप आहे, तिथे थांबू, दहा मिनिटांचं काम आहे, असं म्हणालो. पंपावर पोचलो तर रस्त्यापर्यंत रांग आणि पंपावर गॅसच नाही. आमच्याकडच्या बऱ्याच पंपांना गॅसची नळी आलेली नाही. मोठ्या पंपावरून ट्रकमध्ये लांबलांब नळकांडी भरून गॅस येतो. त्या मोठ्या पंपाला म्हणे मदर स्टेशन म्हणतात आणि या लहानाला डॉटर स्टेशन. ट्रक येईपर्यंत लेकीकडचे सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसतात. आम्हीही बसलो. झेंडूच्या माळा लावलेली गाडी पाहून पुढचा ऑटोवाला खाली उतरून आला.

"काका, नवरी गॅसवर नेऊन राह्यले का?"

"हाव."

"मंग पोचली तवा खरं," म्हणाला आणि हसत परत गेला. मला राग आला नाही. मला स्वतःलाही तीच शंका होती.

ट्रक आला. नळ्या जोडल्या गेल्या. रांग सरकू लागली तसतशी आम्ही गाडी न चालू करता ढकलली; म्हणजे नवरदेवाने फेटा सांभाळत ढकलली आणि मी आत बसून स्टिअरिंग धरलं. ऊन उतरायला लागलं होतं. आमचा नंबर आला, आणि पंपावरचा माणूस म्हणाला, "चला, सगळे उतरा."

गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नाही, हा नियम मला रोजचा. माझी बायको तर पंप दिसला की आधीच दार उघडते. पण ते त्या क्षणापर्यंत मला आठवलंच नव्हतं.

"आमी उतरतो. नवरी नाई उतरत," ताई म्हणाली.

"बाई, नियम हाये. माणूस आत असला तं भरत नाई. काही फुटलं-गिटलं तं..."

"शुभ दिवशी फुटायचं नाव घेऊ नको!"

"मी नाई घेत. तुमी उतरा फक्त."

मागून हॉर्न सुरू झाले. पुतण्या पुढे सरसावला. "आत्या, मी उचलून घेतो हिले. पाय टेकायचं कामच नाई."

तेव्हा नवरी पहिल्यांदा बोलली. "मी का कापसाचं गाठोडं आहो?"

पुतण्या मागे सरला. ऑटोवाल्याने दुरून टाळी वाजवली. पंपावरचा माणूस म्हणाला, "गाडी साईडले घ्या, मांगच्याले येऊ द्या." साईडला घेतली असती तर तोवर ट्रकमधल्या गॅसचं प्रेशर उतरलं असतं, पुन्हा ट्रकची वाट, आणि घरी दिवेलागणीच्या आत पोचायचं होतं. माझ्या बायकोने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, उतरली थोडा वेळ तं काय होते?"

ताई समोरच्या काचेतून बाहेर पाहत होती.

"तुले नाई मालूम," ती म्हणाली. "मी तळेगावले सासरी निघालो तवा यष्टीचं चाक बसलं. सगळ्यायले खाली उतरवलं. मी बाभळीखाली दगडावर बसलो. दुसऱ्या दिवशी सासऱ्याचा बैल साप चावून मेला. सासू म्हणे, रस्त्यात उतरली ना, पायगुण तिथंच सांडला हिचा. मंग जे झालं ते माह्याच पायानं. विहीर आटली, माह्या पायानं. दीर नापास झाला, माह्या पायानं. तो तं बाप्पा पुस्तकच उघडत नव्हता!"

आम्ही हसलो, कारण ती हसली म्हणून. पण तिचं हसणं लगेच थांबलं. "इतकी वर्षं झाली. आताबी सासरी कोणाची म्हैस आटली तं माह्याकडे पाह्यतात. या पोरीच्या मांगं ते लागू नये, एवढंच."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्ही सगळे तिला कडक समजत होतो; हळदीत कुंकू सांडलं तर ओरडणारी, सारखी 'इथं पाय नको, तिथं पाय नको' करणारी आत्या. ती एवढा काळ कशापासून कोणाला वाचवत होती, हे आम्हाला कळायला गॅसच्या पंपावर अडकावं लागलं.

मागच्या सीटवरून नवरीने विचारलं, "आत्याबाई, तुमी उतरल्या नसत्या तं बैल वाचला असता का?"

मागे हॉर्न वाजतच होता.

"साप तं गोठ्यातच होता," शेवटी ताई म्हणाली.

नवरीने दार उघडलं. आधी शालूच्या निऱ्या गोळा केल्या, मग नवी जोडवी घातलेला एक पाय पंपाच्या तेलकट सिमेंटवर ठेवला, मग दुसरा. तिला कोणी आधार देण्याआधीच ताई धडपडत खाली उतरली, वळसा घालून गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. रस्ता ओलांडताना पोराचा हात धरतात तसा घट्ट. आम्ही सगळे पांढऱ्या रेषेपलीकडे उभे राहिलो. मुंडावळ्या, फेटा, शालू आणि शेजारी ऑटोतून उतरलेल्या बाया. त्यातल्या एकीने नवरीला पाणी दिलं. डिकी उघडली, नळी लागली, सूं असा आवाज सुरू झाला.

"काकाजी," नवरीने मला विचारलं, "गॅस किलोनं कसा मोजते? हवा तं हवाच असते ना?"

मी फार आत्मविश्वासाने काहीतरी सांगितलं. ती बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली आहे हे मला नंतर कळलं.

पुन्हा गाडीत बसल्यावर पुतण्या म्हणाला, "घरी कोणी बोलू नका हं." मी आणि बायकोने कबूल केलं. ताई काही बोलली नाही. नवरीही नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दारात मांडवाच्या माळा, उंबऱ्यावर तांदळाचं माप, वहिनीच्या हातात ओवाळायचं ताट. तिच्यामागे घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या.

"एवढा उशीर काऊन?" वहिनीने विचारलं.

"रस्त्यात गर्दी होती," पुतण्या म्हणाला.

"गॅस भराले थांबलो होतो," नवरी म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "तिथं गाडीत बसू देत नाईत. आमी सगळे उतरलो होतो."

ओवाळणारा हात थांबला. आमच्या मोठ्या काकूने मागून विचारलं, "नवरीबी?"

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. मांडव, माळा, ओसरी, सगळं एकदम काळं. ताटातल्या निरांजनाएवढाच उजेड, आणि त्यात नवरीचा पडलेला चेहरा. म्हाताऱ्या आता काय बोलणार होत्या ते सगळ्यांना आधीच ऐकू येत होतं.

"हाव, नवरीबी," अंधारातून ताईचा आवाज आला. "मीच उतरवलं तिले. हात धरून. आता या घरात जे काय वाईट होईन ते माह्या पायानं होईन. मले सवय आहे. लाईट गेली ना? माह्या पायानं गेली. आता मोबाईलचे टॉर्च लावा अन् पोरीले आत घ्या. पाय दुखत असन तिचे."

आधी काकूच हसली, तिचं ते खोकल्यासारखं हसणं. मग वहिनी. चार-पाच टॉर्च लागले. नवरीने माप ओलांडलं. अंधारात तांदूळ कुठे गेले ते कोणाला दिसलंच नाही, माझ्या चपलेत मात्र निघाले.

हे सगळं तसं मागे पडलं असतं. पण पावसाळ्यात भावाच्या वांग्यांवर अळी पडली. सून, म्हणजे तीच नवरी, मला फोनवर सांगत होती (सासऱ्याला ती मामाजी म्हणते): "मामाजी बांधावर उभे राह्यले, किडकं वांगं हातात फिरवत एकदा माझ्याकडे पाह्यलं, तोंड उघडलं, अन् खिशातून फोन काढून थेट आत्याबाईले लावला."

"ताई, वांग्यावर अळी आली ना."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून ताई म्हणाली, "आली का? माह्याच पायानं आली असन. औषध मारलं का?"

"नाई अजून."

"मंग मार ना, बैताडा. आता त्याच्यासाठीबी मीच येऊ का?"