लोटन चितारी आणि त्याचा जबरसिंग

लोटन पाटलाला गावात कुणी पाटील म्हणत नसे. चितारी म्हणत, आणि तेही तोंड वाकडं करून. तापीकाठची काळी जमीन, गोठ्यात दोन बैलजोड्या, आणि घरचा हा थोरला मुलगा शाळेच्या पाटीवर गावातल्या माणसांची तोंडं काढत बसलेला. वडिलांनी एकदा पाटी हातात घेतली, तीवर स्वतःचंच फुगलेलं नाक पाहिलं आणि विचारलं, "तोंडे काढीसन पोट भरस का रे?" भरून दाखवीन, अशी गाठ लोटननं मनाशी मारली. पुढं जे झालं ते या गाठीपायी झालं, दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा त्यानं धुळ्याला जाऊन दिल्या. देवादिकांच्या तसबिरी आणि डोंगरामागचा सूर्य काढणारे चितारी तेव्हा पैशाला पासरी होते. लोटनची कला वेगळी होती. एकच माणूस तो समोरून, बाजूनं, वरून, रागावलेला, झोपलेला, पळताना असा वीस चित्रांत काढी, आणि विसाव्या चित्रातही तो तोच आहे हे पोरालासुद्धा कळे. गोष्टींच्या पुस्तकांना असाच माणूस लागतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच उमगलं होतं. तो अशी पानं तयार करी आणि मुंबईच्या छापखान्यांना टपालानं पाठवी. तीन वर्षं बहुतेक पानं परत आली, काही तर आलीच नाहीत.

अखेर १९३१ साली एका प्रकाशकाचं पत्र आलं. तो दर महिन्याला एक साहसकथा काढणार होता, 'सातपुड्याचा जबरसिंग' या नावानं. जबरसिंग हा भिल्ल दरोडेखोर. गोष्टी लिहिणारे गृहस्थ कल्याणच्या पुढं कधी गेले नव्हते, त्यामुळं त्यांच्या सातपुड्यात सिंह होते. प्रकाशकाला चित्रकार मात्र 'त्या भागातला' हवा होता. पहिली सहा चित्रं पसंत पडली तर पुढची सगळी लोटनची, आणि मासिक चाललं तर मुंबईत कायमची नोकरी. लोटननं ते पत्र वडिलांपुढं ठेवलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

आता चेहरा पाहिजे होता. लोटनची सासुरवाडी खापरला. तिथल्या बाजारात डोंगरातली माणसं चारोळी आणि डिंक घेऊन उतरत. बायकोला, प्रमिलाबाईला, माहेरी पोचवायला गेलेला लोटन बाजारात तीन आठवडे माणसं बघत फिरला, आणि तिसऱ्या बाजारी त्याला दलसिंग दिसला. डोंगरातल्या काठी गावाकडचा, तिशीचा, उंच, गालाची हाडं वर आलेली. पण लोटनला भुरळ पडली ती त्याच्या बसण्याची. डिंकाच्या टोपलीमागं तो सकाळी जसा बसला तसा दुपारपर्यंत बसून होता. माळ्यावर बसून शेत राखणाऱ्याची बैठक होती ती. असा माणूस चित्रकाराला शोधून सापडत नाही.

लोटननं त्याला समोर बसायला विचारलं, तेव्हा दलसिंगला गंमतच वाटली. "बठनंच शे ना? बठस मी."

तो चार बाजारी येऊन बसला. तंबाखू आणि गुळाचा खडा एवढ्यावर खूश. अडचण एकच होती, त्याला सारखं हसू येई. "हासू नको भो," लोटन म्हणे. "कोनावर राग उना असं तोंड कर."

"कोनावर?" दलसिंगनं विचारलं. त्याला खरंच कुणी आठवेना. बराच वेळ त्यानं विचार केला आणि म्हणाला, "डुक्करवर करस. मन्ही मक्की खाई जास तो." मग त्यानं रानडुकराची आठवण काढून भुवया आवळल्या आणि लोटनचा टाक कागदावर धावू लागला. ज्या नजरेनं पुढं अर्ध्या मुंबईची पोरं पांघरुणात शिरली, ती नजर मक्याच्या कणसांसाठी होती.

चेहरा झाला, पण प्रकाशकाला आणखी 'रानटी' काही हवं होतं. फाल्गुनात दलसिंगच लोटनला काठीच्या होळीला घेऊन गेला. तिथं नवस केलेले पुरुष अंगावर राखेचे ठिपके काढतात, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात. किती तरी दिवसांचे कडक नेम पाळून तो वेष अंगावर चढतो आणि होळी झाली की उतरतो. दलसिंगचाही त्या वर्षी नवस होता. टोप घातलेला दलसिंग लोटननं डोळे भरून पाहिला आणि घरी येऊन जबरसिंगच्या डोक्यावर तोच टोप चढवला. कमरेला घुंगरूही बांधले. घुंगरू वाजवत दरोड्याला निघालेला दरोडेखोर दोन कोसांवरून ऐकू येईल, हे लोटनला कळत नव्हतं असं नाही. पण चित्र फक्कड दिसत होतं.

प्रकाशकानं ते मुखपृष्ठावर छापलं आणि खाली ठळक टाकलं: 'आमच्या चित्रकाराने प्रत्यक्ष दरोडेखोरांत राहून काढलेली चित्रे.' लोटनला ते वाचून कसंसंच झालं. पण अंक हातोहात खपला, पुढचे अंकही खपले, आणि खापरच्या बाजारातही ते विकायला आले. दलसिंगला लोटननं एक अंक दिला. त्यानं तो झोपडीत कुडाला खोचून ठेवला. आलागेला पाहुणा त्याला तो दाखवायला लावी.

तिसऱ्या वर्षी पौषात, दिवस मावळताना, खापरच्या वाटेवर भटू नावाच्या शेतकऱ्याची गाडी तिघांनी अडवली. त्याला काठ्यांनी मारलं, बायकोच्या अंगावरची चांदी ओरबाडून नेली. भटू सज्जन माणूस. घरी रोज पुस्तक मोठ्यानं वाचणारा, आणि जबरसिंगचा एकही अंक न चुकवणारा. फौजदारानं विचारलं, माणूस कसा होता? भटूनं डोळे मिटले आणि सांगितलं. भुवया अशा, गालाची हाडं अशी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू. "मन्हा डोयासमोर शे तो," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. डोक्यात काठी बसलेल्या माणसाला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

फौजदारानं मासिकाचं मुखपृष्ठ घेतलं आणि डोंगरातल्या मोलगीच्या बाजारात दाखवत फिरला. लोकांना कौतुक वाटलं. "हाऊ त आमना दलसिंग," म्हणत त्यांनीच त्याचं घर दाखवलं.

दलसिंग घाबरला नाही. घरी होतो, म्हणाला. साक्षीला त्याची बायको फुलीबाई होती, पण घरच्या बायकोची साक्ष कोण धरतो. तेव्हा त्यानं सांगितलं, खापरला चितारी येतो त्याला बोलवा. त्यानं मला बसवून चित्र काढलंय, होळीचा टोपही त्यानंच पाहिलाय, तो सांगेल. आणि तो निवांत झाला.

लोटनला समन्स आलं त्याच आठवड्यात मुंबईचं पत्रही आलं. प्रकाशकाला खटल्याची बातमी लागली होती आणि तो आनंदात होता, खप वाढला होता. लिहिलं होतं: 'आपली नेमणूक पक्की करण्याचे ठरले आहे. साक्षीत मासिकाच्या नावास बाध येईल असे काही येऊ नये, ही विनंती.' लोटनला विनंती या शब्दाचा अर्थ बरोबर कळला. प्रत्यक्ष दरोडेखोरांत राहून काढलेलं चित्र बाजारात डिंक विकणाऱ्या माणसाचं आहे आणि पौषात कुणी टोप घालत नाही, एवढं बोललं की मासिक हास्यास्पद आणि नोकरी गेली. बारा वर्षांची धडपड गेली. वडील पुन्हा विचारणार, पोट भरतं का रे. कोर्टाकडे जाताना बैलगाडीत त्यानं स्वतःला नाना परींनी समजावलं. मी बोललो नाही तरी पुराव्यावाचून कुणाला शिक्षा होत नाही, इथपर्यंत तो आला आणि तिथंच थांबला. माणसाला थांबायला सोयीची जागा बरोबर सापडते.

खटला चालवणारे साहेब दूरच्या मुलखातले होते, इथली होळी त्यांना माहीत नव्हती. त्यांनी मुखपृष्ठ वर धरलं.

"हे चित्र तुम्ही काढलंत?"

"हो साहेब."

"आरोपीला समोर बसवून?"

दलसिंग पिंजऱ्यातून लोटनकडे ओळखीचं बघत होता. लोटननं मुखपृष्ठावर नजर ठेवली. "डोंगरातली पुष्कळ माणसं पाहून काढलं, साहेब. कुणा एकाचं नाही."

"फिर्यादीनं टोप सांगितला आहे. हे लोक असा टोप घालतात?"

"घालतात."

साहेबांनी लिहून घेतलं. लोटन तिथं आणखी क्षणभर उभा होता. 'होळीला' एवढा एक शब्द बाकी होता. टोपाबद्दल तो खोटं बोललाच नाही, असं कुणाला वाटलं तर वाटो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात भटूपेक्षा, चोरांपेक्षा आणि फौजदारापेक्षा मोठा गुन्हा त्या एका न बोललेल्या शब्दाचा होता.

"आप्पा," दलसिंग पिंजऱ्यातून म्हणाला, "तो टोप होळीना शे, साहेबले सांग ना." त्याला वाटलं, लोटन विसरला. शिपायानं त्याला गप्प केलं. लोटन खाली उतरला.

घरी प्रमिलाबाईनं ताट वाढलं आणि विचारलं, "काय सांगं तठे?"

"इचारं ते सांगं."

दलसिंगला पाच वर्षांची सजा झाली, लोटनला मुंबईची नोकरी मिळाली. दुसऱ्याच वर्षी दलसिंग तुरुंगात हिवतापानं गेला. ही बातमी खापरहून पत्रानं मुंबईला आली तेव्हा लोटनपुढं जबरसिंगचा चाळिसावा अंक होता. त्यानं पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि तीन दिवस त्याचा हात चालला नाही. चौथ्या दिवशी छापखान्यातून माणूस आला, चित्रांचे छपाईचे ब्लॉक अडून राहिले होते. लोटन कामाला बसला.

जबरसिंग पुढंही चालला. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आला, फटाक्यांच्या खोक्यांवर आला. प्रकाशक दर वर्षी सांगे, आणखी उग्र काढा. भुवया जाड झाल्या, डोळे मोठे झाले, जबडा रुंद झाला. लोटनला आता समोर माणूस लागत नसे. डोळे झाकून तो जबरसिंग काढी. पोट भरून दाखवीन म्हणाला होता, तसं त्यानं भरून दाखवलं. ते पाहायला वडील तेवढे उरले नाहीत. मग लढाई आली, कागद मिळेनासा झाला, आणि प्रकाशकानं दोन ओळींचं पत्र देऊन मासिक बंद केलं आणि लोटनलाही. गावची जमीन भावांनी वाटून घेतली होती. नाइलाजानं तो खापरला आला आणि बाजाराच्या तोंडाशी पाट्या रंगवू लागला.

१९४५च्या उन्हाळ्यात, भर बाजारात, एक बाई त्याच्या दुकानापुढं उभी राहिली. केस पांढरे, पायात काही नाही. "काठीनी फुलीबाई शे मी," ती म्हणाली. "दलसिंगनं चितर काढनारा तूच ना?"

लोटनच्या हातातला ब्रश तसाच राहिला. अकरा वर्षं तो या बाईची वाट पाहत होता. ती काय काय बोलेल हे त्यानं शंभर वेळा मनात ऐकलं होतं, आणि सगळं खाली मान घालून ऐकायचं ठरवलं होतं. एवढं तरी करू, असं त्याला वाटे.

फुलीबाई बोलली नाही तसं. ती ओट्यावर बसली. "माले तू त्यानं चितर काढी दे. खरं चितर," म्हणाली. "डोया मिटस त हाऊ बुकमाना जबरसिंग दिखस माले. मन्हा दलसिंग दिखतच नही. जठे तठे हाऊ बुकना. तू त्याले चार बाजार देखत बठा व्हता. तुले याद व्हई."

लोटननं कागद घेतला. हात धुतले, नवी पेन्सिल तासली. इतक्या वर्षांत त्यानं कुठल्या चित्रासाठी इतका जीव लावला नव्हता. हे एक जमलं तर, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पुढचं त्यानं स्वतःशीही पुरं केलं नाही. गालाची हाडं आली, भुवया आल्या, डोळे आले.

"हाऊ नही," फुलीबाई म्हणाली.

त्यानं दुसरा कागद घेतला. भुवया बारीक केल्या, जबडा अरुंद केला. जबरसिंग वाळला, एवढंच झालं. तिसऱ्यावर त्यानं त्याला हसवलं, तर ते हसणं इतकं भयंकर आलं की त्यानं स्वतःच कागद फाडला. बाजार विस्कटू लागला तरी तो काढत होता. ती सांगत होती, नाक असं नव्हतं. कसं होतं, ते तिला सांगता येईना. तिलाही आठवत नव्हतं. त्या माणसाचा चेहरा आता जगात कुठंच नव्हता, आणि तो आपण पुसला, हे लोटनला स्वच्छ दिसलं. तो मान खाली घालून रडू लागला.

फुलीबाईनं त्याच्या हातून पेन्सिल काढून ओट्यावर ठेवली.

"ऱ्हाऊ दे, आप्पा," ती म्हणाली. "तू बी इसरी गया."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती त्याची समजूत घालत होती.