आम्ही साहेबांना माळ दाखवला

पाहणीची तारीख मीच मागून घेतली होती. सोलरवाल्यांना आळंदच्या बाजूचा आमचा माळ हवा होता आणि सरकारी कागदावर तो 'पडीक' होता. पडीक! जिथं आमच्या पिढ्यांनी मेंढ्या चारल्या ती जागा पडीक? मी पत्रकं लिहिली, बाजारात वाटली, घोषणा दिल्या. तहसीलच्या साहेबांनी एकदा वर येऊन बघावं, एवढीच मागणी. कचेरीत भांडून भांडून मे महिन्यातला दिवस पदरात पाडून घेतला.

सकाळीच आम्ही तिघं चढायला लागलो. पुढं अप्पा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर घोंगडी टाकून. मधे साहेब. मागं फायल घेऊन मी. गुडघाभर वाळकं गवत, वारा नाही, माणूस नाही. माथ्यावरून खालचं सगळं खोरं दिसतं: कोरडा ओढा, तूर काढलेली काळी रानं आणि त्या रानांत बसवलेली आमचीच मेंढरं, ठिपक्यांएवढी.

साहेब दगडावर बसून मोज्यातली कुसळं उपटायला लागले.

"गवत तुमच्यावरच चढायलंय साहेब," अप्पा हसले. "खायला मेंढ्या न्हाईत ना."

"कुरी एल्ली?" साहेबांनी मान वर केली. मेंढ्या आहेत कुठं?

"उन्हाळ्यात वर कशाला असतील? होळी झाली की आम्ही माळ सोडतो. मिरगानंतर नवं गवत वीतभर होईस्तोवर एक खूर पडू देत न्हाई. मुळं जगाय पायजेत की."

हे मला ठाऊक नव्हतं? लहानपणी उन्हाळ्यात एक कोकरू वर सुटलं म्हणून याच अप्पांचा मार खाल्लाय मी. कायद्याची कलमं पाठ करताना नेमकं तेवढंच विसरलो.

"साहेब, माळ राखणं हाच आमचा वापर..." मी मधे तोंड घातलं. साहेबांनी हात वर केला. मोठ्यांना बोलू द्या.

अप्पा बोलत राहिले. कुठल्या उतारावर कुठलं गवत, कशानं मेंढीला दूध येतं. साहेबांचं पेन चालत होतं. मी मागून वाचलं. कन्नडात दोनच ओळी: पाहणीवेळी जनावरे आढळली नाहीत. होळीपासून वापर नाही, असे गावकऱ्याने स्वतः सांगितले.

ओरबाडली असती तर जमीन आमची ठरली असती. जपली, म्हणून रिकामी ठरली.

उतरताना अप्पांचे पाय हलके पडत होते.

"कामून तोंड पाडलास? समदं लिहून घेतलं की त्यानं. एवढं ऐकून घेणारा साहेब मी बघितला न्हवता."

"व्हय अप्पा," मी म्हणालो. त्यानं काय लिहिलंय ते मी त्यांना सांगितलं नाही, नंतरही नाही.

मेंढरं वर न्यायच्या ऐन दिवसांत माळाला तारेचं कुंपण पडलं. अप्पा कळप घेऊन तारेपाशी उभे होते. चिडले नव्हते. कुणाची तरी चूक झाली असेल, असं धरून चालले होते.

"त्या साहेबाला फोन लाव," ते म्हणाले. "त्याला समदं सांगितलंय मी."