तिसरी हाक

सत्तरी उलटून गेली माझी, पण त्या एका दुपारबद्दल आजवर माझ्या तोंडून अक्षर निघालेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. केशवला तर नाहीच, आणि तो आयुष्यभराचा माझा मित्र. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आबासाहेबांनाही. मधेमधे अडखळेन. 

मध्यभारत राज्याचे ते शेवटचे महिने. ग्वाल्हेर संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. राजधानी अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं वर्ष इंदूरला, आणि आमचं खातं फायलींच्या पेट्या घेऊन तिच्या मागे. खात्याचा बास्केटबॉलचा संघ होता. मी कर्णधार. मी आणि केशव ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, दोघे इंदूरचे, आणि पाचवा तोमर. इंदूरकरांना चेंडू द्यायचा म्हणजे घरातली मुलगी द्यायची असं आम्हाला वाटे, आणि त्यांनाही तसंच. तोमर मधे उभा राहून वैतागायचा, “तुम लोग आपस में निपट लो भैया, मैं घर चला.” सामने तर आम्ही इतके हरायचो की घरचेही निकाल विचारेनासे झाले होते.

मग खात्याच्या साहेबांनी आबासाहेबांना आणलं. संस्थानच्या फौजेतले ते एके काळचे नामांकित खेळाडू. त्यांचं नाव काढलं की बाड्याच्या चौकातले म्हातारे दुकानदार अजून हात उंचावून त्यांची फेक करून दाखवत. आता शेहेचाळीस वर्षांचे, फौज गेल्यापासून रिकामे. दोघा इंदूरकरांतला एक बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी हे आले — हंगामी कारकून म्हणून, तेही नावापुरते; काम खेळायचंच. नवं राज्य व्हायच्या आत संघानं भोपाळच्या, म्हणजे होऊ घातलेल्या राजधानीच्या, मंडळींसमोर काही करून दाखवलं तर नोकरी कायम, असं साहेबांनी सांगितलं होतं. माधवगंजात घर, घरात त्यांच्या पत्नी काकीसाहेब आणि लग्नाची मुलगी. ती नोकरी त्यांना किती हवी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही. हे लक्षात ठेवा.

आल्या दिवशी त्यांनी नियम घातले. ज्याला चेंडू हवा त्यानं स्वतःचं नाव ओरडायचं. नुसता हात वर केला तर चेंडू मिळणार नाही. त्यांना स्वतःला चेंडू द्यायचा तो जमिनीवर टप्पा पाडूनच. आणि खेळ सुरू होण्याआधी ते दोन्ही खांबांपाशी जाऊन बोटातल्या अंगठीनं लोखंडावर तीनदा टकटक करायचे, मग रेषेवरून पावलं मोजत फिरायचे. ओठ हलत असायचे. आम्हाला वाटलं मंत्रबिंत्र असेल. महिन्याभरात आम्ही सगळेच खांब वाजवू लागलो. केशव म्हणायचा, “टोटका आहे रे, शुभशकुनाचा तोडगा. सोडायचा नाही.”

आणि खरंच, संघ बदलला. दिवसभर एकमेकांची नावं ओरडायची म्हटल्यावर कोण कुठवर अबोला धरणार? इंदूरकर आमच्याबरोबर इंदरगंजात चहाला येऊ लागला. आम्ही जिंकू लागलो. सगळे आबासाहेबांभोवती. कर्णधार मी, पण शिट्टी झाली की तोंडं त्यांच्याकडे वळायची. मला ते झोंबायचं. फार झोंबायचं.

पण एक सांगू? त्यांच्या खेळात काहीतरी होतं, ज्यानं अंगावर काटा यायचा. ते बोलताना तुमच्याकडे कधी पाहत नसत. तुमच्या खांद्यावरून मागे पाहत — तिथे कुणी उभं असल्यासारखं. केशव कधीकधी वळून बघायचा. कुणीच नसायचं. मी नाव ओरडून धावत सुटायचो आणि ते मान किंचित कलती करून, भलतीकडे बघत, चेंडू रिकाम्या जागी सोडून द्यायचे. मी तिथे पोचायचो तेव्हा चेंडू बरोबर माझ्या हातात. माझ्या पायांना कुठे जायचंय हे माझ्याआधी त्यांना कळायचं. हे कुणाला आवडेल?

इंदरगंजच्या चौकात एके दिवशी भर उन्हात ते समोरून आले. दहा पावलांवर मी उभा राहिलो, हसलो. हात जोडले. ते आले तसे थेट माझ्याच रोखानं, डोळे सताड उघडे, आणि हातभर अंतरावर थांबले. मान कलती झाली. “कोण आहे?”

मी उत्तर दिलं नाही. का? ठाऊक नाही. श्वास रोखून उभा राहिलो. भोवती टांगे, सायकली, गलका — आणि ते माझ्या चेहऱ्याकडे तोंड करून ऐकत होते. मग त्यांनी समोरच्या हवेला, म्हणजे मला, “रामराम” म्हटलं आणि बाजूनं निघून गेले.

तेव्हा सगळं उलगडलं. हाका, टप्पा, खांबावरची टकटक. त्यांना ऊन-सावली तेवढी कळत होती. उरलेलं सगळं ते आमच्या आवाजांवर खेळत होते. ज्याला आम्ही शिस्त समजलो, टोटका समजलो, ती त्यांची काठी होती. मी हे कुणाला सांगितलं नाही. भला माणूस म्हणून नाही बरं का. आपल्यालाच ठाऊक आहे, यात मला मजा वाटत होती.

भोपाळची मंडळी आली तो सामना दुपारी होता. खुर्च्या मांडल्या होत्या, साहेब घामाघूम. आबासाहेबांनी खांब वाजवले. मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो, आणि प्रत्येक फेकीला लोक त्यांचंच नाव घेत होते.

आता सांगतो. उत्तरार्धात मी उजव्या कोपऱ्यातून ओरडलो, “मधू!” आणि ओरडून झाल्याबरोबर, पाय न वाजवता, मागे सरलो. चेंडू आला — अगदी जिथे हाक होती तिथे — आणि रेषेबाहेर गेला. लोक हसले. आबासाहेबांनी मान हलवली, जणू चूक त्यांचीच.

पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं. या वेळी चेंडू थेट एका पाहुण्याच्या मांडीवर. साहेब उठून उभे राहिले. तोमर ओरडला, “क्या हो गया दादा को?” मी माझ्या जागी उभा होतो, कुणाच्या सांगण्यावरून नाही, रागात नाही. शांत. तो शांतपणा आठवला की मला माझीच भीती वाटते.

शेवटची मिनिटं. आम्ही एका गुणानं मागे. मी रिंगखाली अगदी मोकळा होतो, आणि — विश्वास ठेवा वा ठेवू नका — आता मला जिंकायचं होतं. मी ओरडलो, “मधू!” खरी हाक होती ती. तिसरी. मी जागेवरून हललो नाही.

त्यांनी चेंडू दिला नाही. छातीशी धरून उभे राहिले. मान या बाजूला, मग त्या बाजूला. मी पुन्हा ओरडलो, केशव ओरडला, सगळे ओरडले, आणि ते त्या गलक्यात एकटे, एकेका आवाजाकडे तोंड वळवत राहिले. शिट्टी झाली तरी त्यांचे हात चेंडूवरून सुटेनात. मीच जाऊन सोडवले. बर्फासारखे गार होते, भर दुपारी.

माझा हात ओळखून ते हळूच म्हणाले, “डोळे तर गेलेच होते रे मधू. आता कानही गेले. तुझी हाक आली तिकडे कुणीच नव्हतं.”

मी चेंडू काखेत मारला आणि पंचाकडे चालू लागलो.

त्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. संघ पुन्हा गप्प झाला, आणि नव्या राज्यात खात्याबरोबर विखुरला. मी ग्वाल्हेरलाच राहिलो. दरवर्षी दसऱ्याला माधवगंजात सोनं द्यायला जायचो. मुलगी पुढे साध्याशा घरी दिली. आबासाहेब ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. काकीसाहेब आतून हाक मारायच्या, “अहो, मधू आलाय,” तरी ते हलत नसत. त्या बाहेर येऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवेपर्यंत उत्तर द्यायचे नाहीत. मी “मुजरा आबासाहेब” म्हटलं की हात पुढे करून चाचपायचे — आवाज आहे तिथे माणूस आहे का ते बघायला. दरवेळी माझ्या छातीला त्यांची बोटं लागायची, आणि दरवेळी ते दचकायचे.

“हल्ली कुठून काय ऐकू येईल, सांगता येत नाही,” काकीसाहेब मला समजवायच्या. मी मान डोलवायचो.

अकरा दसरे गेलो मी. एक वाक्य पुरलं असतं. बाराव्या वर्षी दसऱ्याआधीच ते गेले.

त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. हे जगात फक्त मला माहीत होतं.