शालनचं घमेलं

शालन डोक्यावर उपडं घमेलं धरून मोरिवलीच्या माळावर उभी राही, आणि येणारे-जाणारे हसत. ती हसू द्यायची. पलीकडच्या टोकाला तिची मुलगी प्रीती उल्हासनगरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या लोखंडी काठीनं गोल्फचे बॉल मारायची. ते वेचायला माणूस हवाच होता, त्या माणसाचं डोकं वाचवायला घमेलं हवं होतं, आणि पोरीला माळावर एकटं सोडणं शालनच्या जिवाला झेपणारं नव्हतं. आनंदनगरला पॅकिंगच्या कामावर जायच्या आधीचा तिचा हा रोजचा उद्योग.

नवरा सुदाम एका क्लबात खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहायचा. त्याच्यामागे हिंडूनच प्रीतीला हा नाद लागला. २००६ साली क्लबानं दरवर्षी बॅगा वाहणाऱ्यांच्या एका मुलाला फुकट शिकवायचं ठरवलं. चाचणीत प्रीतीचा शेवटचा बॉल झेंड्याजवळच्या हिरवळीवर थांबायचं सोडून थेट पलीकडे उभ्या गाड्यांपाशी गेला. जागा दुसऱ्याला मिळाली.

"एवढा जोर कशाला लावलास गं?"

"आई, नेहमीएवढाच लावला!"

शालनला ते पटलं नाही. तेव्हापासून बॉल लांब गेला की ती माळावरूनच ओरडायची, "हळू!"

पुढच्या वर्षीची चाचणी जवळ आली. एका सकाळी बॉल वेचून धापा टाकत ती प्रीतीकडे आली.

"आज फार पळवलंस मला. काही बॉल खालून येतात आणि पडले की सशासारखे सुटतात. बाकीचे वरून टपकन पडून गप बसतात. काय करतेस तू?"

"काही नाही. सुटतात ते त्या गवतातून मारलेले." प्रीतीनं काठी उलटी केली. पात्यावर ओल्या गवताचा हिरवा चोथा चिकटला होता. ती बघतच राहिली. "आई, गवत मधे येतंय! पात्याच्या खाचांना बॉल धरताच येत नाही. धरला तर तो उलटा फिरत वर चढतो, पडला की थांबतो. फिरलाच नाही तर..."

"तर उंडारतो," शालन म्हणाली. तिला आठवलं, चाचणीत गाड्यांपाशी गेलेला बॉलही गवतातलाच होता. पोरगी खोटं बोलली नव्हती.

सुदामला सांगितलं तर तो खो खो हसला. "आणि आमचे साहेब असा बॉल गेला की स्वतःचेच दंड कौतुकानं चाचपून बघतात!"

चाचणीच्या दिवशी प्रीतीचा शेवटचा बॉल नेमका कडेच्या उंच गवतात जाऊन बसला. शालनचे हात आपोआप डोक्याकडे गेले, घमेलं नव्हतं. प्रीतीनं नेहमीची काठी काढली, बॉलकडे पाहिलं, ती परत ठेवली आणि क्लबाच्या काठ्यांतली बॉल कमी लांब नेणारी घेतली.

"अलीकडेच पडणार हिचा बॉल," मागून कुणीतरी म्हणालं.

बॉल खालून आला. हिरवळीच्या अलीकडे पडला, सुटला, झेंड्याला मागे टाकून रांगत रांगत गेला, आणि हिरवळीच्या पलीकडच्या काठावर थांबला.

"ती काठी का घेतलीस?" क्लबात शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

"गवतात होता सर. नेहमीची घेतली असती तर पलीकडे गेला असता."

सर हसले. "सोमवारपासून ये."

परतताना शालननं प्रीतीच्या हातातली काठी आपल्याकडे घेतली. मग म्हणाली, "एवढ्या लांब एकटी जाणार? मी येते सोबत."

"आई, तिथे बॉल वेचायला माणसं आहेत."

"असू देत की," सुदाम म्हणाला. "घमेलं आहे का कुणाकडे?"